मोरीच्या कानातला बारा आकडी पत्ता

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की आपल्या पहिल्या पानावर निफाडचा पारा येतो. मी तो रोज वाचतो. भंडारदरा धरणाभोवतीच्या आमच्या वाड्यांत थंडी मोजायचं यंत्र नाही. आम्हाला ती दुसऱ्या गोष्टींवरून कळते. पहाटे पेंढ्याच्या उडवीला हात लावला की बोटं बधिर होतात, पाण्यावरचं धुकं नऊ वाजेपर्यंत जागचं हलत नाही आणि गोठ्यातली गुरं एकमेकांना अंग लावून उभी राहतात. या मार्गशीर्षात अशा सहा रात्री आमच्या दावणीवरची एक जागा रिकामी होती. त्या जागेविषयी हे पत्र आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करावी, पण गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

मी अकोले तालुक्यातला शेतकरी. छत्तीस वर्षं ग्रामीण डाक सेवक म्हणून या डोंगरात टपाल वाटलं. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर ही नावं नकाशावर बोटभर अंतरात दिसतात, पण पावसाळ्यात थैली डोक्यावर घेऊन ती मी पायांनी मोजली आहेत. मुंबईला गोदीत, मार्केटात कामाला गेलेली पोरं घरी मनीऑर्डर पाठवायची. पत्त्यात नुसतं ‘मोठ्या आंब्याखालचं घर’ किंवा ‘देवळामागची म्हातारी’ असायचं. त्यातली एकही मी परत पाठवली नाही. म्हणून पुढचं जे घडलं ते मला जास्त लागलं असेल.

गायीचं नाव मोरी. जात डांगी. रंगाने बाहाळी, म्हणजे अंगावर काळ्या-पांढऱ्या रंगांची सरमिसळ. डांगी गाय दूध फार देत नाही. पण तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, धो-धो पावसात अंगावरून पाणी ओघळून जातं. खूर काळे नि टणक, कातळावर झिजत नाहीत. आमच्या भातखाचरांना आणि या डोंगराला दुसरी जात टिकत नाही. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथं माणसं अशा जनावरांभोवती तासन् तास उभी राहतात. मोरी मी लम्पीची साथ ओसरून बाजार उघडल्यावर घोटीला घेतली, बत्तीस हजारांना. तिच्या कानात पिवळा बिल्ला तेव्हाच होता. साथीत लस टोचताना आधीच्या मालकाकडे लावलेला. बारा आकड्यांचा नंबर. नंबर दिसला की टिपून ठेवायचा, ही माझी नोकरीतली सवय. घरी आणल्याच दिवशी तो मी डायरीत उतरवला होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला रविवार. भात कापून, झोडून झालं होतं, रान मोकळं होतं. या दिवसांत आमच्याकडे गुरं सकाळी सोडतात आणि दिवस मावळायच्या आत ती आपली आपण घरी येतात. मोरीचं तिसरं वेत होतं, दिवस भरत आले होते, कास उतरायला लागली होती. घरची म्हणाली होती, आता हिला बांधून ठेवा. मी म्हटलं, अजून आठ-दहा दिवस आहेत, फिरती राहू दे, सोपं जाईल. संध्याकाळी बाकीची सगळी आली. मोरीची पहिल्या वेताची कालवड फाटकाशी थांबून मागं बघत हंबरत राहिली.

वद्य पक्ष होता. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. मी आणि पुतण्या बॅटऱ्या घेऊन निघालो. हिवाळ्याच्या रात्री आवाज लांबून येतो, म्हणून दर शे-दोनशे पावलांवर थांबून, श्वास धरून मोरीच्या गळ्यातली पितळी घाटी ऐकायची. रातकिडे थंडीने गप्प झालेले. धरणाच्या बाजूने टिटवी तेवढी ओरडत होती. अकरापर्यंत हाका मारल्या. घरी आलो तेव्हा घरची शेकोटीपाशी बसलेली होती. तिने काही विचारलं नाही.

गुरं शोधणारा माणूस हिवाळ्यात सकाळ चुकवत नाही. ऊन पडायच्या आत गवतावर दहिवर पांढरं असतं. जनावर त्यातून गेलं की दहिवर झडतं आणि तेवढी वाट गर्द, ओली दिसते, माळावर कुणी रेघ ओढल्यासारखी. ऊन वर आलं की सगळं गवत एकसारखं होतं नि रेघ मिटते. म्हणजे हातात जेमतेम दीड तास. सोमवारी पहाटे ठाकरवाडीतला एक गुराखी माझ्याबरोबर आला. वय असेल सत्तरच्या वर. खुराचा ठसा बघून गाय कुणाची ते सांगतो. माळावर आम्हाला दोन रेघा दिसल्या. एक खाली धरणाच्या काठाने करवंदीच्या जाळ्यांकडे गेलेली, दुसरी वर बारीच्या खिंडीच्या दिशेने. तो वरच्या रेघेपाशी बसला. शेण होतं. काडीने उकरून म्हणाला, “वरून गार, आत ओल. रातचं हाय. आन् जड गायीचं हाय, पाय फाकून चाललीय.”

मी त्याचं ऐकलं नाही. डोक्यात बिबट्या होता. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. बिबट्या इथं शेजारीच आहे. वाघबारशीला आम्ही वाघोबाला शेंदूर लावून नैवेद्य दाखवतो तो उगाच नाही. आणि गाय वेताला आली की कळप सोडून आडोसा शोधते, जाळीत बसते, हे मला माहीत होतं. म्हणून मी खालच्या रेघेने गेलो. तो दिवस आणि मंगळवारचा अर्धा दिवस एकेक जाळी हाताने बाजूला करून पाहण्यात गेला. कावळे कुठं उतरतात, कुठं वास येतो, वानरं कुठं खाकरतात, सगळीकडे धावलो. हाताची कातडी सोलवटली. खालची रेघ रानडुकरांची निघाली. त्या म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर मंगळवारी मोरी मला मिळाली असती. ही चूक माझी आहे आणि ती मी या पत्रात लपवणार नाही.

मंगळवारी दुपारी जंगल खात्याच्या माणसाला भेटलो. त्याने नीट समजावून सांगितलं. वाघ-बिबट्याने गाय मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. पण ४८ तासांत कळवायचं, मढं जागचं हलवायचं नाही, पंचनामा व्हायला हवा. माझ्याकडे मढं नव्हतं. देव करो नि नसो, असं मनात म्हणत मी उठलो. नियम बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथून पोलीस ठाण्यात गेलो. ‘चोरीला गेली का?’ म्हणून विचारलं. म्हटलं, तसं वाटत नाही, हरवली आहे. ‘मग आम्ही काय लिहून घेऊ?’ मी वर्णन लिहिलेला कागद ठेवून आलो. तो त्यांनी ठेवून घेतला.

बुधवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. माझी खरी आशा तिथंच होती. १ जून २०२४ पासून सरकारने नियम केला की बिल्ला नसलेलं जनावर विकता येणार नाही, नेता-आणता येणार नाही, सरकारी दवाखान्यात त्यावर उपचारही होणार नाहीत. चांगला नियम आहे. आमच्या वाडीत बिल्ल्याशिवाय एक शेपूट राहिलेलं नाही. डायरी उघडून मी नंबर दिला. तिथल्या माणसाने तो मोबाइलमध्ये घातला. नाव आलं ते आधीच्या मालकाचं. बाजारात पावती झाली होती, पण बिल्ल्याची नोंद माझ्या नावावर करून घ्यायची असते हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते असो. मी विचारलं, ही गाय हरवली आहे असं या नंबरापुढे लिहून ठेवता येईल का? म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी हा नंबर घातला तर त्याला ते दिसेल. त्या माणसाने मोबाइल वर-खाली सरकवला. तो भला होता, खरंच शोधत होता. मग म्हणाला, “बाबा, यात लस घातलेली लिहिता येते, गाभण लिहिता येतं, मेलेली लिहिता येते. हरवलेली कुठं लिहायची, मला नाही सांगता येत.” वरच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, अर्ज द्या. मी अर्ज दिला.

संपादक महोदय, त्याच बुधवारी, त्याच नंबराचं डोंगरापलीकडे काय झालं ते मला तीन दिवसांनी कळलं. ते आधी सांगतो.

बारीची खिंड ओलांडली की अकोले तालुका संपतो, इगतपुरी लागतो. जिल्हा बदलतो, नाशिक येतो. मोरी तिकडची. तिचं जन्मगाव त्या बाजूला आहे. तीन वर्षं आमच्याकडे नांदली आणि दिवस भरत आल्यावर माहेरच्या वाटेला लागली. गुरांना वाट आठवते. विकलेली गाय जुन्या दारात परत येऊन उभी राहिल्याच्या गोष्टी आमच्याकडे घरोघरी आहेत, मला त्या शोधाच्या तीन दिवसांत एकदाही आठवल्या नाहीत. पण मोरी माहेरी पोचली नाही. मंगळवारी रात्री अलीकडच्याच एका वाडीजवळ, शेताच्या बांधाखाली उघड्यावर व्याली. त्या रात्री तिकडेही दहिवर पडलं होतं.

बुधवारी सकाळी त्या शेताचा मालक भाजीला पाणी द्यायला गेला तेव्हा त्याला ती दिसली. वासरू ओलंच होतं, मोरी चाटत होती, पण वासरू उठत नव्हतं. गोऱ्हा होता, काळा, कपाळावर पांढरा टिळा. त्या माणसाने ते गोणपाटात गुंडाळून खांद्यावर टाकलं, घरी आणलं, खळ्यात जाळ केला, पेंढ्याने अंग चोळलं. वासराला पहिल्या दोन तासांत चीक मिळाला तर त्याच्या अंगात जीव धरतो. या गोऱ्ह्याचे ते दोन तास अंधारात गेले होते. त्याने बोटाने चीक चाटवला, बायकोने चमच्याने पाजायचा प्रयत्न केला. दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. इंजेक्शन दिलं. आणि मग त्याने मोरीचा कान पुसून बिल्ल्याचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये घातला.

नाव आलं ते आधीच्या मालकाचं. त्या नावापुढचा फोन लावला, तो बंद. आधीचा मालक आता नाशकाला कामाला असतो, नंबर बदलला आहे. डॉक्टरने नाव कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, चौकशी करा.

सकाळी अकरा वाजता अकोले तालुक्यातल्या एका मोबाइलमध्ये हे बारा आकडे घातले गेले, दुपारी दोनच्या सुमारास इगतपुरी तालुक्यातल्या दुसऱ्या मोबाइलमध्ये तेच बारा आकडे घातले गेले. दोघांनाही एकच पान उघडलं. सकाळी मी त्या पानासमोर उभा राहून सांगत होतो की गाय हरवली आहे. दुपारी तो माणूस त्याच पानासमोर उभा राहून सांगत होता की गाय सापडली आहे. मधे तीन तास आणि एक डोंगर. सकाळचं माझं सांगणं त्या पानावर उमटलं असतं, नुसते दोन शब्द आणि माझा फोन नंबर, तर मी संध्याकाळपर्यंत तिथं पोचलो असतो.

गोऱ्हा गुरुवारी पहाटे गेला. मी पोचल्याने तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. थंडी त्याच्या हाडांत गेली होती. पण त्या घरातली ती बाई रात्रभर दुसऱ्याच्या वासरापाशी जाळ धरून बसली होती. ती रात्र आम्ही बसलो असतो.

मला गाय कशी सापडली? सरकारी कुठल्याही वहीतून नाही. गुरुवारी रात्री घरच्या माणसांनी भगताकडे तांदूळ बघायला सांगितले. बघितले. शुक्रवारी मी एकटाच बसलो असताना मनात आलं, वरची रेघ खिंडीकडे गेली होती. मग फोन घेतला. पलीकडच्या बाजूला टपाल वाटणारी पोरं आहेत. त्यांतल्या दोघांना मी नोकरीत असताना ओळखत होतो. त्यांना सांगितलं, काळी बाहाळी डांगी, पिवळा बिल्ला, शेवटचे चार आकडे हे, व्यायला झालेली. टपालवाला दिवसभरात चार-पाच वाड्या फिरतो, प्रत्येक दारात दोन मिनिटं उभा राहतो. शनिवारी सकाळी साडेदहाला फोन आला. “भाऊ, एका खळ्यात बांधलीय बघा. दूध काढत नाहीत, म्हणतात ज्याची त्याला देऊ.”

डोंगरवाटेने पंधरा-सोळा किलोमीटर. दुपारी पोचलो. मोरीने मला पाहिलं, कान हलवले आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं. तिची कास भरून दगड झाली होती. सडाला हात लावून देईना. त्या माणसाने चार दिवसांच्या चाऱ्याचे पैसे घेतले नाहीत. त्याने गावात विचारलं होतं, घोटीच्या बाजारात दोघांना सांगितलं होतं, देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. एका माणसाला जेवढं करता येतं तेवढं त्याने सगळं केलं. त्याने मला वासरू पुरलेली जागा दाखवली. वर दगड ठेवून दिला होता, कोल्ह्याने उकरू नये म्हणून.

आता बिल्ल्याविषयी.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. मी तेव्हा शाळकरी होतो. फक्त सहा आकडे. त्या सहा आकड्यांच्या जोरावर आसामातून टाकलेलं पत्र माझ्या थैलीत यायचं. आकडे तर साधेच होते. जोर होता तो मागच्या माणसांचा. प्रत्येक ठिकाणी त्या आकड्यांकडे बघून पुढं काय करायचं ते माहीत असणारा एक माणूस बसलेला होता. माणूस गाव सोडून गेला तर नवा पत्ता घालून पत्र पुढं जायचं. गायीच्या कानात बारा आकडे आहेत. तिच्या लसीची तारीख त्यांत आहे, तिचं वेत त्यांत आहे. मोठं काम झालेलं आहे. घरोघर, उन्हातान्हात फिरून, लाथा खाऊन पशुवैद्यकीय खात्याच्या माणसांनी ते केलं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढं केल्यावर त्या पानावर ‘हरवली आहे’ आणि ‘सापडली आहे’ हे दोन शब्द लिहायची सोय का असू नये? आणि असलीच, तर ती दवाखान्यातल्या शेवटच्या माणसाला का माहीत असू नये?

माझं म्हणणं असं आहे. ज्याची गाय-म्हैस हरवली त्याने जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत नंबर द्यावा. त्या नंबरापुढे हरवल्याची खूण पडावी. राज्यात कुठेही, कुणीही तो नंबर उघडला की ती खूण आणि मालकाचा फोन समोर यावा. आसपासच्या दवाखान्यांना निरोप जावा, आणि तो तालुक्याच्या हद्दीवर अडू नये. गुरांना हद्द कळत नाही. आमच्या भागात तर डोंगर उतरला की तालुका, जिल्हा, कधी कधी विभागच बदलतो. घाटघरच्या कड्याखाली कोकण आहे. आणि बाजारात जनावर विकलं की पावती फाडतानाच बिल्ल्याचा मालक बदलावा. शेतकऱ्याला पुन्हा वेगळ्या दारात उभं करू नये. दिवसाची मजुरी बुडवून तो तिथं जात नाही. मी गेलो नाही, मी तर लिहिता-वाचता माणूस.

हे काही नवीन मागणं आहे असं कुणी समजू नये. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे, कोंडवाड्याचा कायदा. पुतण्याने मला तो काढून वाचून दाखवला. त्याच्या १४ व्या कलमात लिहिलं आहे की कोंडवाड्यातलं जनावर सात दिवसांत कुणी नेलं नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, ठाण्याने वर्णनाची नोटीस लावायची, आणि जनावर जिथं पकडलं त्या गावात नि जवळच्या बाजारात ढोल वाजवून जाहीर करायचं. त्यानंतरच लिलाव. इंग्रज सरकारने शेतकऱ्याच्या प्रेमाने हा कायदा केला नसेल, पण सापडलेल्या जनावराची दवंडी पिटली पाहिजे एवढं त्यालाही कळत होतं. आमच्या चावडीजवळ लहानपणी कोंडवाडा होता. चार भिंती, लाकडी फाटक, आत एक हौद. कोतवाल दवंडी द्यायचा, ‘ऐका हो ऐका, तांबडा बैल, डावं शिंग मोडकं...’ आम्ही पोरं त्याच्या मागं पळायचो. आज तिथं जोतं उरलं आहे, त्यावर गावातली माणसं संध्याकाळी बसतात. कोतवाल आहे, पण त्याच्या हाती डफडं नाही. डफडं गेलं त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याच्या जागी मोबाइल आला. पण दवंडी त्या मोबाइलमध्ये आणायची राहून गेली.

शहरातल्या वाचकांना वाटेल, एका गायीचं एवढं काय. माझ्या घरात दोन माणसं, एकर-सव्वा एकर भात, चार गुरं. बत्तीस हजारांची गाय आणि तिच्या पोटातला गोऱ्हा म्हणजे पुढच्या सात-आठ वर्षांची नांगरणी. बाहाळ्या डांगीच्या गोऱ्ह्याला आमच्याकडे माणसं आधी सांगून ठेवतात. पण हिशेब राहू द्या. सहा रात्री आम्ही दोघं दर थोड्या वेळाने उठून दार उघडत होतो. बाहेर धुकं, आणि घाटी वाजल्याचा भास. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही.

आपल्या दैनिकाचे बातमीदार तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांनी आपापल्या दवाखान्यात जाऊन एवढंच विचारावं, की हरवलेल्या जनावराचा नंबर कुठं लिहून घेता. जे उत्तर मिळेल ते छापावं. ज्या दवाखान्यात नीट उत्तर मिळेल त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापावं, बाकीचे बघून शिकतील. आणि ज्या शेतकऱ्यांच्या खळ्यात आज कुणाची तरी गाय बांधलेली आहे, त्यांनी तिचा कान पुसून नंबर गावच्या गटावर टाकावा, शेजारच्या जिल्ह्यातल्या नातेवाइकालाही धाडावा. आपल्या गावच्या टपालवाल्याला सांगावं. तो ऐकतो.

संक्रांतीला मी आणि घरची तिळगूळ आणि दहा किलो नवा तांदूळ घेऊन त्या वाडीला जाऊन आलो. त्यांच्या घरी आता आमचं येणं-जाणं झालं आहे. मोरी बरी आहे, दोन वेळचं मिळून तीन लिटर देते. संध्याकाळी फाटकाशी आली की अजून थोडा वेळ खिंडीकडे तोंड करून उभी राहते. मी तिला हाकलत नाही, उभी राहू देतो.

बिल्ल्यावर नाव जुन्याच मालकाचं आहे. बदलीचा अर्ज दिला त्याला आज एकतीस दिवस झाले.

आपला,
एक निवृत्त टपालवाला शेतकरी
भंडारदरा परिसर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर